‘जैसे थे’ : एका फौजीने शिकलेलं रेणूंचं गणित



मी रायपूरहून बोलतोय. फौजेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. फौजेत जाण्याआधी इथंच रायपुरात बीएस्सी केलं होतं, भौतिक, रसायन आणि गणित घेऊन. पण पदवी हातात आली आणि मी गणवेश चढवला. त्यानंतर पुढची तीस-बत्तीस वर्षं रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध फक्त बुटांच्या पॉलिशपुरता राहिला. तेव्हा आज मी ‘सममिती, गटसिद्धांत आणि रसायनशास्त्र’ यावर बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या घरातच पहिल्यांदा हशा पिकला. पण हा विषय मी हौस म्हणून शिकलो नाही. एक चूक निस्तरायची म्हणून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

माझी भाची इथंच एमएस्सीला होती, विषय रसायनशास्त्र. एकदा परीक्षेच्या आधी ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “मामा, हे कॅरेक्टर टेबल म्हणजे नेमकं काय असतं?” मी वही पाहिली. चौकटीत नुसते आकडे होते. एक, एक, वजा एक, शून्य, दोन. मला काहीही कळलं नाही. पण मंडळी, ‘मला कळत नाही’ असं म्हणायची सवय आम्हा अधिकाऱ्यांना कमीच असते. मी ठासून सांगितलं, “पाठ करून टाक. रसायनशास्त्र म्हणजे पाठांतरच. आम्हीही तेच केलं होतं.”

तिनं ऐकलं. एक-एक तक्ता पाठ केला. आणि पेपरात तिच्या वहीत नसलेला रेणू आला. ती नापास झाली.

नापास होणं ही काही जगबुडी नव्हे. पण घरात लगेच दुसरी बोलणी सुरू झाली. आता शिक्षण पुरे, चांगली स्थळं येताहेत, बघून घेऊ. आणि ती स्वतःच म्हणू लागली, “मामा, माझं डोकं या विषयाचं नाहीच.” हे ऐकून मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी गेलो आणि तिच्या वडिलांसमोर सांगितलं, “भाऊजी, चूक पोरीची नाही, माझी आहे. मला ठाऊक नसलेल्या गोष्टीवर मी हुकूम दिला. मला पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ द्या. मी आधी शिकतो, मग आम्ही दोघं मिळून शिकतो.” भाऊजी हसले, पण हो म्हणाले.

सुरुवात मी अगदी फौजी पद्धतीनं केली. रोज पहाटे पाच वाजता उठून बसायचं. पुण्याच्या आयसरमधल्या प्राध्यापकांची याच विषयावरची व्याख्यानं एनपीटीईएलवर मोफत आहेत, ती लावायची. कॉटन यांचं १९६३ सालचं प्रसिद्ध पुस्तक मिळवलं, ‘केमिकल ॲप्लिकेशन्स ऑफ ग्रुप थिअरी’. तीन आठवड्यांत दोन वह्या भरल्या. आणि समजलं काय? शून्य. कारण मीही तेच करत होतो, जे तिला करायला लावलं होतं. उतरवून घेत होतो.

गाडी रुळावर आली ती एका सकाळी. शेजारच्या शाळेच्या मैदानावर एनसीसीच्या पोरांची कवायत चालली होती. उस्ताद ओरडत होता, “दाहिने मुड! पीछे मुड! बाएँ मुड!” मी कठड्याला टेकून ऐकत होतो आणि एकदम लक्षात आलं, अरे, हाच तर गट आहे!

बघा कसं. चार हुकूम घ्या. दाहिने मुड, म्हणजे नव्वद अंश उजवीकडे. पीछे मुड, म्हणजे एकशे ऐंशी अंश. बाएँ मुड, म्हणजे नव्वद अंश डावीकडे. आणि चौथा, काहीच न करणं, आहे तसं उभं राहणं. आता यातले कुठलेही दोन हुकूम एकामागून एक द्या. जवानाचं तोंड शेवटी जिकडे होईल, तिकडे ते यातल्याच एका हुकमानंही झालं असतं. दोनदा दाहिने मुड म्हणजे एक पीछे मुड. पीछे मुड आणि वर दाहिने मुड म्हणजे बाएँ मुड. या चौघांच्या बाहेर तुम्ही जाऊच शकत नाही. हा गटाचा पहिला नियम.

दुसरा आणि तिसरा नियम तर आपल्या भाषेतच बसलेत. मराठीत ‘जैसे थे’ म्हणजे काही न बदलणं. कोर्ट ‘जैसे थे’चा आदेश देतं ना, तसं. गटात असा एक सदस्य लागतोच, जो काही करत नाही. फौजेत मात्र ‘जैसे थे’ हा हुकूम वेगळा आहे. आधीचा हुकूम चुकला, परत पूर्वीच्या स्थितीत या, असा त्याचा अर्थ. गटात हेही लागतं. प्रत्येक क्रियेला तिला उलटवणारी क्रिया गटातच असली पाहिजे. दाहिने मुडला बाएँ मुड उलटवतं. पीछे मुडला पीछे मुडच उलटवतं. चौथा नियम असा की ओळीनं तीन हुकूम असतील, तर पहिल्या दोघांची जोडी आधी जमवा की शेवटच्या दोघांची, उत्तर तेच येतं. क्रम मात्र बदलायचा नाही. झाला गट.

त्या दिवशी भाचीला बोलावलं आणि अंगणात प्रत्यक्ष कवायत केली. शेजारचे पाहत होते, पाहू दिलं.

आता रेणूकडे येऊ. पाण्याचा रेणू घ्या. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन, आकार उलट्या ‘व्ही’सारखा. आम्ही बटाट्यात अगरबत्तीच्या दोन काड्या खोचून तो बनवला. प्रश्न एकच विचारायचा : तुम्ही डोळे मिटलेत, मी या बटाट्याला काहीतरी केलं, डोळे उघडल्यावर तुम्हाला काही बदल दिसला नाही, तर मी काय काय केलं असू शकेन? एक, काहीच नाही. दोन, मधल्या उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा. तीन, रेणू ज्या प्रतलात आहे त्याच प्रतलात आरसा धरला. चार, दोन हायड्रोजनच्या बरोबर मधून आरसा धरला. बस. चारच क्रिया. या रेणूच्या सममितीला रसायनशास्त्रात सी-टू-व्ही म्हणतात.

भाची लगेच म्हणाली, “मामा, कवायतीतही चार, इथंही चार. म्हणजे एकच गट?” छान प्रश्न होता. करून पाहा. पाण्याच्या बाबतीत कुठलीही क्रिया दोनदा केली की रेणू मूळ जागी येतो. कवायतीत दाहिने मुड दोनदा केलं तर जवान पाठमोरा होतो. म्हणजे सदस्य चार-चारच, पण घराची रीत वेगळी. आणि गंमत अशी की चार सदस्यांचे गट जगात या दोनच तऱ्हांचे आहेत, तिसरी तऱ्हा नाही. कुठलाही स्फटिक आणा, कुठलाही खेळ आणा, चार क्रिया असतील तर या दोनपैकी एक. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथं पाठ करण्यासारखं फार नाहीच आहे.

पुढे अमोनिया. एक बटाटा, तीन काड्या, तिवईसारखा. तीन पायांना लाल, पांढरा, हिरवा दोरा बांधा. आता आधी एक तृतीयांश फेरा द्या, मग एका ठरलेल्या उभ्या आरशातलं चित्र काढा. दुसऱ्यांदा क्रम बदला, आधी आरसा, मग फेरा. दोन्ही वेळा दोऱ्यांची मांडणी वेगळी येते. क्रियांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. फौजीला हे सांगावं लागत नाही. ‘एक पाऊल पुढे, मग दाहिने मुड’ आणि ‘दाहिने मुड, मग एक पाऊल पुढे’ यांत जवान दोन वेगळ्या जागी उभा असतो.

आता ते कॅरेक्टर टेबल. फौजेत कॅरेक्टर म्हणजे सेवापुस्तकातला शेरा. इथं कॅरेक्टर म्हणजे चक्क गिनती आहे. क्रिया केल्यानंतर आपल्या जागेवर कोण राहिलं, याची हजेरी.

पाण्याचे तीन अणू. प्रत्येकाच्या अंगावर तीन बाण काढा : वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. झाले नऊ बाण. नियम असा की अणू जागेवर राहिला आणि बाण तसाच राहिला तर अधिक एक. अणू जागेवर, पण बाण उलटा झाला तर वजा एक. अणूच दुसऱ्या जागी गेला तर शून्य. काहीच केलं नाही तर नऊ. अर्धा फेरा दिला की दोन्ही हायड्रोजन जागा बदलतात, त्यांचे शून्य. ऑक्सिजन राहतो. त्याचा उभा बाण तसाच, बाकी दोन उलटे, म्हणजे वजा एक. रेणूच्या प्रतलातल्या आरशात तिन्ही अणू जागेवर, प्रत्येकाचे दोन बाण सरळ आणि एक उलटा, मिळून तीन. मधल्या आरशात फक्त ऑक्सिजन, म्हणून एक. हजेरी आली : नऊ, वजा एक, तीन, एक.

यांची बेरीज बारा. क्रिया चार. बाराला चारानं भागलं, तीन. याचा अर्थ, पाण्याच्या रेणूच्या एकूण नऊ हालचालींपैकी तीन अशा आहेत की ज्या सर्व क्रियांनंतर तशाच राहतात. त्यातली एक म्हणजे अख्खा रेणू वर-खाली सरकणं. उरल्या दोन, ती खरी कंपनं. एकात दोन्ही हायड्रोजन एकदम आत-बाहेर होतात, दुसऱ्यात मधला कोन उघडतो आणि मिटतो. कॅल्क्युलेटर नको, प्रयोगशाळा नको. बटाटा आणि हजेरी. भाचीनं हे स्वतःच्या हातानं केलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “एवढंच होतं?” मी म्हटलं, “एवढंच नाही, पण इथूनच सुरू होतं.”

तुम्ही विचाराल, याचा उपयोग काय? उपयोग आपल्या पायाखाली आहे. रायपूर-बलौदाबाजारचा हा सगळा पट्टा चुनखडीचा, म्हणून तर इथं एवढे सिमेंटचे कारखाने. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट आयन हा सपाट त्रिकोण आहे, मध्ये कार्बन, तीन कोपऱ्यांना ऑक्सिजन. याची कंपनं मोजली तर सहा येतात, पण त्यातल्या दोन-दोनांच्या दोन जोड्या असल्यामुळे वारंवारता चारच.

त्यातलं एक कंपन म्हणजे तिन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर, एकदम आत, जणू आयन श्वास घेतोय. आता इन्फ्रारेड प्रकाश फक्त तेच कंपन शोषतं, ज्यात धन आणि ऋण भारांची मध्यं एकमेकांपासून सरकतात. या श्वासात तिन्ही बाजू सारख्याच ताणल्या जातात, मध्य हलतच नाही. म्हणून इन्फ्रारेडला हे कंपन दिसत नाही. पण रामन वर्णपटात तेच सर्वांत ठळक उमटतं. कॅल्साइटमध्ये सुमारे १०८६ प्रति सेंटिमीटरवर ती रेघ येते. दिसेल की नाही, हे गटसिद्धांत नमुना यंत्रात ठेवण्याआधीच सांगतो.

याहून पुढचं ऐका. शिंपल्यात आणि मोत्यात हेच कॅल्शियम कार्बोनेट बरेचदा दुसऱ्या रचनेत असतं, तिला अरॅगोनाइट म्हणतात. सूत्र तेच, अणू तेच. पण तिथं कार्बोनेटच्या आजूबाजूची मांडणी कमी सममित आहे. सममिती घटली की मनाई उठते, आणि जी रेघ कॅल्साइटच्या इन्फ्रारेडमध्ये नव्हती, ती अरॅगोनाइटमध्ये फिकट का होईना उमटते. दोन पुड्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींचं रासायनिक पृथक्करण सारखं. फरक सांगते ती सममिती.

हवेतही तेच. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे. त्यांच्या कंपनात भाराचा मध्य सरकत नाही, म्हणून जमिनीची उष्णता ते अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकतो आणि वेडावाकडा ताणला जातो, तेव्हा मध्य सरकतो, म्हणून तो ती अडवतो. हवेत तो इतका थोडा असूनही त्याची एवढी चर्चा का, त्याचं मूळ इथं आहे.

पण या शास्त्राची मर्यादाही सांगतो, नाहीतर पुन्हा माझा जुना ठासून बोलण्याचा दोष होईल. आपल्या गरियाबंद जिल्ह्यात देवभोगकडे अलेक्झांड्राइट सापडतं. दिवसा हिरवट आणि दिव्याच्या उजेडात लालसर दिसणारं रत्न. त्याचा रंग क्रोमियममुळे. माणकाचा लाल रंगही क्रोमियममुळेच. १९२९ साली हान्स बेथ यांनी दाखवलं की धातूच्या अणूभोवती आठ पृष्ठांच्या आकारात सहा शेजारी बसले, तर त्याच्या पाच सारख्या डी-कक्षा तीन आणि दोन अशा फुटतात. हे ‘तीन आणि दोन’ निव्वळ सममितीतून येतं. पण त्या दोन गटांत अंतर किती पडेल, हे सममिती सांगत नाही. ते शेजारी कोण आणि किती जवळ यावर ठरतं, आणि रंग त्यावर. नकाशा सांगतो की पुढे नदी आहे. पाणी किती खोल आहे, हे उतरूनच कळतं.

आता एका माणसाबद्दल सांगतो, ज्यांचं नाव मी नोकरीत असताना वेगळ्याच संदर्भात ऐकलं होतं. रायपूरकरांना वाल्टेअरची गाडी ठाऊक आहे. त्या वाल्टेअरला, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमला, आंध्र विद्यापीठात सूरी भगवंतम शिकवायचे. कलकत्त्याला ते सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेले. रामन परिणाम १९२८ चा. त्या रेघांचा अर्थ लावायला गटसिद्धांत लागणार, हे ओळखून भगवंतम आणि वेंकटरायुडू यांनी स्फटिकांवर काम केलं आणि १९४८ साली पुस्तक लिहिलं, ‘थिअरी ऑफ ग्रुप्स अँड इट्स ॲप्लिकेशन टू फिजिकल प्रॉब्लेम्स’. हेच भगवंतम पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि १९६१ ते १९६९ या काळात संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार. म्हणजे बासष्ट आणि पासष्ट, दोन्ही युद्धांच्या वेळी.

आम्ही त्यांना डीआरडीओचे एक जुने प्रमुख म्हणून ओळखायचो. त्यांनी रेणूंची आणि स्फटिकांची हजेरी घेणारं पुस्तक लिहिलंय, हे मला साठी उलटल्यावर, भाचीच्या नापास होण्यामुळे कळलं. रायपूरच्या गाडीत बसून रात्रभरात पोचता येईल अशा गावी हे शास्त्र आपल्या माणसांनी घडवलं, आणि मी पोरीला सांगत होतो, ‘पाठ कर’.

शेवटी, हा विषय शिकणाऱ्या पोरांना तीन गोष्टी. पहिली, रेणू हातात घ्या. बटाटा, काड्या, दोरे, काहीही चालेल. कागदावरच्या चित्राचा आरसा डोक्यात फिरत नाही, निदान सुरुवातीला तरी. दुसरी, पाण्याचा आणि अमोनियाचा तक्ता एकदा स्वतः बनवा. त्यानंतर छापील तक्ता खुशाल वापरा. प्रत्येक पुस्तकाच्या मागे तो असतो, कारण तो पाठ करायचा नसतो. तिसरी, ‘काहीच न करणं’ ही क्रिया मोजायला विसरू नका. भाचीच्या आधीच्या निम्म्या चुका तिथंच होत्या. आणि मोठ्यांना एकच सांगणं : माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. पोरं त्यानं बिघडत नाहीत.

भाची पास झाली. पहिली वगैरे आली नाही, नीट पास झाली. आता ती एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. स्थळं अजून येतात, पण आता कुठलं पाहायचं आणि केव्हा, ते ती ठरवते. गेल्या दिवाळीत तिनं मला एका जाड पुस्तकातल्या प्रमेयाची सिद्धता समजावायला घेतली. अर्ध्या वाटेवर माझा हात सुटला. मी म्हटलं, “जैसे थे.” तिनं न चिडता पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

जय हिंद.